दूरची कचेरी आणि रोजचा गठ्ठा



आजचा माझा विषय ऐकायला काहीसा कोरडा आहे. मुख्य कचेरीपासून दूर, घाटाखाली म्हणा किंवा डोंगरापलीकडे म्हणा, एखादी लहानशी शाखा असते. तीत दहाबारा संगणक असतात. त्या संगणकांना अँटिव्हायरसची रोजची अपडेट कशी पोचवावी, एवढाच हा विषय. पतसंस्था, सहकारी बँका, दूध संघ, आमच्या महाविद्यालयांची तालुक्यातली केंद्रे, सर्वांनाच हा प्रश्न पडलेला आहे. त्याची चर्चा मात्र फारशी कोणी करीत नाही, कारण काम बिनबोभाट झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि झाले नाही तरी काही महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

संगणकाचे व्हायरस ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या पाठीवर बसून जगभर हिंडला. पुढे १९९० मध्ये आपल्याकडे एक व्हायरस सापडला, त्याचे नावच ‘जोशी’! ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो अडून बसे, आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकून दिल्याखेरीज पुढे सरकत नसे. आज हे ऐकून हसू येते. त्या काळी अँटिव्हायरसची नवी आवृत्तीदेखील फ्लॉपीवरच येई, आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी आली तरी भागत असे. पुण्यातल्या एका संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून क्विक हील हे अँटिव्हायरस पुढे आले, ते नव्वदच्या दशकाच्या मध्यास, याच फ्लॉपीच्या जमान्यात.

आता तसे राहिले नाही. अँटिव्हायरस म्हणजे काय, तर एक पहारेकरी आणि त्याच्या हातातली खुणांची यादी. पहारेकरी कितीही दांडगा असला तरी काल रात्री निघालेल्या नव्या चोराची खूण त्याच्या यादीत नसेल, तर तो त्याला वाट सोडील. (आधुनिक अँटिव्हायरस केवळ यादीवर विसंबत नाहीत, फाइलची वागणूकही पाहतात, हे खरे. पण वागणूक कशी ओळखावी याचे नियमही अपडेटमधूनच येतात.) म्हणून ही यादी आता दिवसातून एकदा, पुष्कळ कंपन्यांच्या बाबतीत अनेकदा, बदलते. खुणांची सबंध यादी शंभर मेगाबाइटच्या आगेमागे किंवा त्याहूनही मोठी असू शकते. रोज सबंध यादी येत नाही; कालच्या आणि आजच्या यादीतला फरक तेवढा येतो, आणि तो पुष्कळच लहान असतो. परंतु जो संगणक बरेच दिवस बंद राहिला, किंवा नव्याने बसवला, त्याला फरक देऊन चालत नाही. त्याला पहिल्यापासून सगळे द्यावे लागते.

आता आपण थोडे गणित करू. घाबरू नका, चौथीच्या वर्गातले आहे. समजा, शाखेला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन दोन मेगाबिटची आहे. शहरात बसून हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण जिथे लाइन झाडांवरून आणि खांबांवरून जीव मुठीत धरून जाते, तिथे तेवढीसुद्धा अखंड मिळाली तर लोक देवाला नारळ फोडतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे दोन मेगाबिटच्या लाइनीतून सेकंदाला फार तर पाव मेगाबाइट येणार. १२० मेगाबाइटची यादी यायला ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे लागतील. ठीक आहे, आठ मिनिटांचे काय एवढे! पण शाखेत बारा संगणक आहेत, मोठी सुटी संपवून सगळे सोमवारी सकाळी साडेदहाला सुरू झाले आहेत, आणि प्रत्येक जण आपापली तीच यादी स्वतंत्रपणे मागवीत आहे. बारा अठ्ठे शहाण्णव. एक तास छत्तीस मिनिटे ती लाइन केवळ यादीनेच भरून जाईल.

या दीड तासात काय होते? खातेपुस्तक भरून घ्यायला आलेल्या आजोबांना काउंटरवरून सांगण्यात येते, “बाबा, सर्व्हर डाउन आहे, दुपारून या.” आजोबा सात मैल चालून आलेले असतात. ते तिथेच बाकावर बसतात. असे तीनचार सोमवार गेले की शाखेतला एखादा चलाख कारकून या दुखण्याचे मूळ शोधून काढतो, आणि अपडेटच बंद करून टाकतो. त्याला मी दोष देणार नाही. समोर माणूस ताटकळत बसलेला त्याला दिसतो. व्हायरस काही डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्या दिवसापासून ती शाखा उघडी पडते. मुख्य कचेरीने अपडेटच्या नावाने कितीही पैसे मोजलेले असोत.

आता आपल्या गावाकडे वर्तमानपत्र कसे येते ते आठवा. गावातला प्रत्येक वाचक काही पहाटे उठून पुण्याला जात नाही. एस.टी.च्या टपावरून किंवा डिकीतून एकच गठ्ठा स्टँडवर उतरतो, आणि तिथून पोरगा सायकलवर घरोघरी अंक टाकतो. अपडेटचेही नेमके असेच करायचे आहे. शाखेतला एक संगणक नेमायचा. बाहेरच्या लाइनीवरून यादी फक्त त्यानेच आणायची. बाकीच्या अकरांनी ती त्याच्याकडून, कचेरीतल्या कचेरीत, आपल्या घरच्या तारेवरून घ्यायची. ही घरची तार जुनी, शंभर मेगाबिटची असली तरी सेकंदाला बारा मेगाबाइट नेते. म्हणजे बाहेरून आणायला आठ मिनिटे, आणि अकरा जणांना वाटायला दोन मिनिटेसुद्धा नकोत. दीड तासाचे काम दहा मिनिटांत, आणि लाइनही त्यानंतर आजोबांच्या खातेपुस्तकासाठी मोकळी.

ही सोय काही नवी नाही, आणि निराळी विकतही घ्यावी लागत नाही. संस्थांसाठी असलेल्या बहुतेक अँटिव्हायरसमध्ये ती आधीपासून असते, फक्त नावे वेगळी. सिमँटेकने तिला ‘ग्रूप अपडेट प्रोव्हायडर’ म्हटले, कॅस्परस्की ‘डिस्ट्रिब्यूशन पॉइंट’ म्हणते. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरलाही सांगता येते की, बाबा रे, तू बाहेर जाऊ नकोस, कचेरीतल्या अमुक सामाईक फोल्डरमधून आपली यादी उचल. मौज अशी की ज्यांच्याकडे ही सोय आहे त्यांतल्या पुष्कळांना ती ठाऊक नसते. अँटिव्हायरस विकणारा ती सांगत नाही, आणि घेणारा फक्त दर विचारतो.

गठ्ठा उतरवून घेणारा संगणक कोणता नेमावा, यात मात्र शहाणपण लागते. व्यवस्थापकसाहेबांचा सर्वांत नवा आणि वेगवान असतो म्हणून तोच नेमतात. पण तो लॅपटॉप असतो, आणि साहेब जिल्ह्याच्या बैठकीला निघाले की गठ्ठाही त्यांच्याबरोबर बैठकीला जातो. जो संगणक सकाळी सर्वांत आधी सुरू होतो, संध्याकाळी सर्वांत शेवटी बंद होतो, यूपीएसवर आहे आणि जागचा हलत नाही, तोच या कामाचा. मग तो कितीही म्हातारा दिसो. एक राखीवही नेमून ठेवावा, आणि दोन्ही नापत्ता असले तर बाकीच्यांनी थेट बाहेरून किती दिवसांनी आणायला सुरुवात करावी, तेही आधीच ठरवून द्यावे. ही शेवटची अट विसरली, तर नेमलेला संगणक बिघडल्याबरोबर सगळी शाखा निमूटपणे उपाशी राहते.

आणि वेळ? मुख्य कचेरीतला तंत्रज्ञ सुज्ञपणे ठरवतो की हे काम रात्री दोन वाजता व्हावे, लाइन तेव्हा रिकामी असते. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात शाखेचा शिपाई संध्याकाळी सहाला मेन स्विच बंद करून कुलूप लावतो. तो चुकीचे करीत नाही. उन्हाळ्यात वायर तापून आग लागू नये म्हणून त्याला तसे बजावलेलेच असते. रात्री दोन वाजता त्या इमारतीत उंदरांखेरीज कोणी जागे नसते. तेव्हा दूरच्या शाखेसाठी वेळ ठरवायची ती तिथल्या माणसाला विचारून. गठ्ठ्याच्या संगणकाने कचेरी उघडल्याबरोबर यादी आणावी, आणि इतरांनी पुढच्या तासाभरात आपापल्या सोयीने, मागेपुढे, ती घ्यावी, असे लावून देता येते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. २०१७ सालच्या दोन गोष्टी सांगतो. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी, त्याच भगदाडातून ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला आणि जगभर पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ संस्थांपैकी सुमारे ८० संस्थांना त्याचा उपद्रव झाला. ठरलेल्या तपासण्या, शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध निघून दोन महिने झाले होते, ते टेबलापर्यंत पोचले नव्हते. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. विंडोजची दुरुस्ती आणि अँटिव्हायरसची यादी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक भिंत बुजवते, दुसरी पहारेकऱ्याला शिकवते. दूरच्या शाखेला दोन्ही लागतात, आणि दोन्हींची वाट मात्र तीच एक बारीक लाइन असते.

दुसरी गोष्ट २७ जून २०१७ ची. ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधून निघाला आणि मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत घुसला. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्या समूहाचे टर्मिनलही त्यात अडकले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. पण ते उभे करायला सर्व संगणकांची आणि वापरणाऱ्यांची मूळ नोंदवही ठेवणारा सर्व्हर हवा, आणि त्याच्या दीडशेच्या आसपास प्रती होत्या त्या सगळ्या एकदम नष्ट झाल्या होत्या. शेवटी एक प्रत सापडली, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या शाखेत! तिथली वीज गेली होती, म्हणून ती वाचली. आता ती इंग्लंडला पाठवायची कशी? घानाची लाइन इतकी बारीक की ती माहिती पाठवायला दिवसचे दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग घानाचा माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो दुसरा लंडनला. सबंध जगात पसरलेली कंपनी एका माणसाच्या हातातल्या डबीवर उभी राहिली. दूरच्या शाखेच्या लाइनीला आपण किती कमी लेखतो, हे मला या गोष्टीत फार जाणवते.

याच नॉटपेट्याची आणखी एक बाजू आहे. तो शिरला कसा? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधून. म्हणजे गठ्ठाच विषारी झाला. अँटिव्हायरसच्या गठ्ठ्यालाही हा धोका आहे. एप्रिल २०२४ मध्ये अवास्टच्या संशोधकांनी जाहीर केले की ई-स्कॅन या भारतीय अँटिव्हायरसची अपडेट न कुलपबंद अशा साध्या मार्गाने जात असल्याचा फायदा घेऊन काही हल्लेखोर मधल्यामध्ये फाइल बदलत होते. कंपनीने ही त्रुटी २०२३ सालीच दूर केली. पण त्यातून प्रत्येक संस्थेने विचारून घ्यावा असा प्रश्न उरतो: आमची यादी कुलपबंद मार्गाने येते का, आणि तिच्यावरची कंपनीची डिजिटल सही आमचा प्रत्येक संगणक स्वतः तपासतो का? गठ्ठा शेजारच्या टेबलावरून आला, म्हणून तपासणीतून सूट नाही.

आणि कधी कधी कोणी विष घालत नाही, कंपनीच चुकते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या यादीने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली, आणि कितीतरी संगणक पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडू लागले. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल आपल्याकडच्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघाली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांनी हौसेने जपून ठेवले म्हणे. पण त्यातल्या असंख्य संगणकांजवळ प्रत्यक्ष माणूस जाऊन त्यांना हाताने उठवावे लागले. शहरात तंत्रज्ञ जिना चढून येतो. दूरच्या शाखेत तो दुपारच्या गाडीने निघतो, आणि गाडी वेळेवर आली तर संध्याकाळी पोचतो.

म्हणून काही मंडळी म्हणतात, अपडेट आठवडाभर उशिराच घ्यावी, जगाला आधी ठेच लागू द्यावी. मला हे पटत नाही. आठवडाभराची शिळी यादी म्हणजे आठवडाभराच्या सर्व नव्या चोरांना आमंत्रण. माझ्या मते मधला मार्ग असा: नवी यादी आधी मुख्य कचेरीतल्या चारपाच संगणकांना द्यावी, ते दोनतीन तास सुरळीत चालले की मग दूरच्या शाखांना. जिथे माणूस हाताशी आहे तिथे प्रयोग व्हावा. क्राउडस्ट्राइकनेही त्या घटनेनंतर असल्या फाइली टप्प्याटप्प्याने सोडायला आणि ग्राहकांच्या हाती थोडा लगाम द्यायला सुरुवात केली.

आता हे सगळे यथासांग बसवले, तरी एक काम उरते ते मोजणीचे. एका पतसंस्थेच्या शाखेत मी मागे गेलो होतो. मुख्य कचेरीच्या पडद्यावर त्या शाखेसमोर हिरवी खूण होती: नऊपैकी नऊ संगणक अद्ययावत. शाखेत टेबले मोजली तर संगणक अकरा! दहावा सोनेतारण विभागात कोपऱ्यात होता. त्याच्यावर अँटिव्हायरस घातलाच नव्हता, म्हणून पडद्याला त्याची खबरच नव्हती. अकराव्याची गोष्ट आणखी मजेची. त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे होते. आतला रुपयाएवढा सेल संपला की संगणक दर वेळी जुन्याच तारखेला जागा होतो. मग कुलपबंद मार्गावरची प्रमाणपत्रे त्याला खोटी वाटतात, कारण त्याच्या लेखी ती अजून निघायचीच असतात, आणि तो अपडेट नाकारतो. पुष्कळ दिवस त्याचा निरोपच आला नाही, म्हणून पडद्याने त्याला यादीतून वगळले होते. मी तिथल्या लिपिकाला विचारले, तर तो म्हणाला, “सर, तो रोज सकाळी तारीख विचारतो, आम्ही एस्केप दाबतो.” थोड्या रुपयांचा सेल, तो बसवल्यावर दुपारपर्यंत संगणकाची यादी आजची झाली.

तेव्हा पडद्यावरच्या हिरव्या खुणेखाली ‘किती पैकी’ हा आकडा कोठून आला, ते पाहावे. तो खरेदीच्या नोंदवहीतून आलेला असावा, अँटिव्हायरसच्या स्वतःच्या यादीतून नव्हे. आणि महिन्यातून एकदा शाखेतल्या कोणीतरी, भले तो शिपाई असो, प्रत्येक टेबलाशी जाऊन पडद्याच्या कोपऱ्यातल्या ढालीवर माउस ठेवून शेवटच्या अपडेटची तारीख कागदावर लिहून आणावी. दहा मिनिटांचे काम आहे.

काही ठिकाणी लाइन मुळीच नसते, किंवा मुद्दाम दिलेली नसते. तिथे गठ्ठा पेनड्राइव्हवरून न्यावा लागतो. फ्लॉपीच्या काळात आपण होतो तिथेच पुन्हा आलो म्हणा ना! पण एक काळजी घ्यावी. हा पेनड्राइव्ह फक्त याच कामाचा असावा, त्याच्यावर रंगीत दोरा किंवा चिठ्ठी बांधावी, त्यावर मुलाच्या लग्नाचे फोटो नेऊ नयेत. प्रत्येक फेरीपूर्वी मुख्य कचेरीत तो पुसून, त्यावर कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट उतरवलेली यादी घालावी, आणि शाखेतून परत आल्यावर तो कोणत्याही संगणकाला लावण्याआधी तपासावा. शाखेत जाताना तो औषध घेऊन जातो. येताना काय घेऊन येतो ते पाहिल्याखेरीज कळत नाही.